बंद पडलेल्या क्लबची वही

या महिन्यात फुटबॉलची चार पत्रं आली. चारही हिशेबाची आहेत. पहिल्याला सविस्तर उत्तर देतोय, कारण ते दुखणं माझंही आहे.

प्रश्न : माझे वडील ऐंशीच्या दशकात बेळगावात एका क्लबकडून खेळायचे. नोकरी कारखान्यात, मॅचच्या दिवशी अर्धी सुट्टी, वर बूट आणि थोडाफार भत्ता. तो क्लब कधीच बंद पडला. वडील गेल्यावर पेटीत एक लांब वही आणि पेपरची कात्रणं सापडली. काका म्हणतात, दादानं शंभरावर गोल मारलेत. वहीत मोजले तर 81 भरतात. खरा आकडा कसा काढायचा? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : काका खोटं बोलत नाहीत आणि वहीही खोटी नाही. काकांनी बहुतेक सगळंच धरलंय. लीग, नॉकआउट, सेवन-ए-साइड, फ्रेंडली, वर मॅच बरोबरीत सुटल्यावरच्या पेनल्टी शूटआउटमधलेसुद्धा. तेव्हा आधी वेगळ्या कागदावर ठरवा, काय धरायचं. शूटआउटचे गोल कुणाच्याच नावावर लागत नाहीत; त्यानं फक्त पुढं कोण जाणार ते ठरतं, मॅच बरोबरीतच राहते. जादा वेळेतला गोल मात्र धरायचा. सेवन-ए-साइडचं पान वेगळं ठेवा, लहान मैदानावरचे गोल अकराच्या मॅचमध्ये मिसळू नका. समोरची टीम आलीच नाही आणि मॅच 3-0 अशी दिली, तर ते तीन गोल टीमच्या खात्यात, खेळाडूच्या नाही. स्वयंगोलाचं तसंच. म्हणून खेळाडूंच्या गोलांची बेरीज आणि टीमचे गोल कधी जुळत नाहीत. तो फरक कशाकशाचा, हे समासात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला वही चुकलेली वाटणार नाही.

मी स्वतः अशाच एका क्लबची वही 19 वर्षं लिहिली. लेले मैदानाच्या कडेला, मांडीवर वही, वहीवर प्लॅस्टिकची पिशवी. पाऊस म्हणजे काय ते खानापूरकरांना मी सांगायला नको. पहिली दोन वर्षं शाईपेन वापरलं. ती पानं आज नुसते निळे डाग आहेत. मग पेन्सिल धरली. पोरं विचारायची, "मास्तर, काय लिवूलासा एवढं?"

आता माझी चूक सांगतो. एका मोसमात मी टायफॉइडनं पडलो आणि सहा मॅचेसची पानं कोरी राहिली. वर्षाअखेर बेरीज करताना त्या रकान्यांत मी शून्य भरलं. कोरा रकाना डोळ्यांना खुपत होता, बाकी कारण नाही. वीसेक वर्षांनी आमचा जुना लेफ्ट विंगर घरी आला. वही मागितली, आपलं पान काढलं, बोट ठेवून बघत राहिला. चहा घेतला, कुंदा नको म्हणाला. चपला घालताना म्हणाला, "मास्तर, त्या साली मी हॅटट्रिक केलती की." केली होती. दुसऱ्या दोघांनीही नंतर तेच सांगितलं. माहीत नसलेल्या जागी मी त्याला शून्य दिलं होतं. तेव्हापासून माहिती नसेल तिथं मी आडवी रेघ मारतो. तुमच्या वडिलांच्या 81 पुढेही लिहा, "वहीत सापडलेले".

राहिलेले शोधायचे कुठं? बेळगावच्या मराठी दैनिकांची स्थानिक पानं बघाच, पण नावांकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे एकाच माणसाची तीन नावं होतात. मराठी पेपरात तो गावावरून आडनाव घेऊन येतो, कन्नड पेपरात दोन आद्याक्षरं आणि नाव, इंग्रजीत स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीचं. माझ्या यादीत बरीच वर्षं दोन फुलबॅक होते. एक के. एम. आणि एक बेनाळकर म्हणून. तो एकच माणूस निघाला, आणि त्याच्या मॅचेस मी दोघांत वाटून टाकल्या होत्या.

टीमच्या ग्रुप फोटोत पुढं पाटी धरलेली असते, तिच्यावर साल मिळतं. समोरच्या क्लबच्या लोकांना भेटा; हरलेल्या टीमला गोल कुणी मारला हे जास्त लक्षात राहतं. आणि कारखान्याचा जुना हजेरीपट कुणाकडे शिल्लक असेल तर सोडू नका. अर्ध्या सुट्टीच्या तारखा म्हणजे मॅचच्या तारखा. गोल तिथं सापडणार नाहीत, पण कात्रणावर तारीख नसेल तर ती मॅच कुठल्या आठवड्यातली ते कळेल.

प्रश्न : महिंद्राच्या टीमनं ड्युरँड कप तीनदा जिंकला असं मी म्हणतो. मित्र म्हणतो दोनदाच, कारण महिंद्रा युनायटेड हा क्लबच 2000 नंतरचा. पैज चहाची आहे. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : चहा तुमचा. 1998, 2001 आणि 2008, असे तीन. पहिला कप त्यांनी महिंद्रा अँड महिंद्रा या नावानं जिंकला, पुढचे दोन महिंद्रा युनायटेड म्हणून. क्लब 1962 पासूनचा. कंपनी तीच, 2000 साली नाव तेवढं बदललं. 2003 आणि 2005 चा फेडरेशन कप आणि 2005-06 ची नॅशनल लीग नव्या नावावर आहे. त्या लीगच्या वेळी प्रशिक्षक होते डेरेक परेरा. 2009-10 चा मोसम संपला आणि कंपनीनं टीम बंद केली. पुढच्याच वर्षी पंजाबातल्या फगवाड्याची जेसीटी या गिरणीची टीम गेली. 1996-97 ची पहिली नॅशनल लीग जिंकणारी टीम ती. त्या मोसमात बायचुंग भुतियानं त्यांच्यासाठी 14 गोल मारले होते. गिरणी-कंपन्यांच्या टीम्स अशाच एकेक करून गेल्या.

मित्राला पटत नसेल तर घरचं उदाहरण द्या. राज्याराज्यांच्या टीम्समधली संतोष ट्रॉफी, कर्नाटकाकडे पाच आहेत. त्यातल्या चार म्हैसूर नावावर, आणि 1968-69 नंतरची पाचवी थेट 2023 साली, रियाधमध्ये, मेघालयाला 3-2 हरवून. म्हैसूरचं कर्नाटक 1973 साली झालं म्हणून आधीच्या चार कुणी पुसल्या नाहीत. आपल्या गावाच्या नावाचं तर मी बोलायलाच नको. 2014 च्या आधीच्या कात्रणात बेळगाव, नंतर बेळगावी, आणि 1956 च्या आधीचं असेल तर वर मुंबई राज्य. जुन्या ढाली बघताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर एकाच स्पर्धेच्या दोन स्पर्धा कराल.

मात्र पुण्यातला क्लब बंद होऊन दुसऱ्या मालकाचा दुसरा क्लब हैदराबादेत उभा राहिला, तर तो जुन्याच्या जागी आला एवढंच. त्याला जुने आकडे जोडायचे नसतात.

प्रश्न : आमचा क्लब अर्धी लीग खेळून मोडला. संघटनेनं सगळे निकाल रद्द केले. मग त्या मोसमातले गोल धरायचे का? (चिकोडी)

उत्तर : लीगच्या तक्त्यात नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली 1962 च्या मार्चमध्ये 33 मॅचेस खेळून लीगमधून बाहेर पडली, तेव्हा त्या 33 च्या 33 तक्त्यातून काढून टाकल्या. नाहीतर काही टीम्सना तिच्याविरुद्ध दोन मॅचेसचे गुण मिळाले असते, काहींना एकाचेच. पण तुमच्या क्लबच्या वहीत त्या मॅचेस राहू द्या, तांबड्या शाईत, बेरजेबाहेर. चिखलात खेळलेली पोरं खरी होती.

प्रश्न : जुन्या तक्त्यात "गोल सरासरी" असा रकाना आहे. म्हणजे काय? (एक विद्यार्थिनी, शहापूर)

उत्तर : मारलेले गोल भागिले खाल्लेले गोल. समान गुण असले की पूर्वी यावरून वरचा नंबर ठरायचा. इंग्लंडच्या लीगमध्ये 1976 पर्यंत हेच चाललं. 10 मारून 4 खाल्ले तर 2.5, 30 मारून 15 खाल्ले तर 2. म्हणजे बचाव करून बसणारी पहिली टीम वर. आता वजाबाकी करतात, 6 विरुद्ध 15, आणि दुसरी टीम वर जाते. एकही गोल खाल्ला नसेल तर भागायचं कशानं, हे तुझ्या गणिताच्या सरांना विचार आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

जाता जाता : वह्या पोस्टानं पाठवू नका. मागच्या वर्षी एक आली ती भिजून. पानांचे फोटो काढा, समासासकट.