पेट्रोल महागलं की लोक गोल्फ खेळायला कमी जातात का? लांबून येणाऱ्यांना कसं परवडतं?

परवडतं. आणि कमीबिमी कुणी जात नाही. जायचं नसलं की लोक पेट्रोलचं नाव पुढं करतात.

मी सोलापूरचा. टॉवेलचा कारखाना आहे आणि गोल्फ पुण्यात खेळतो. पुण्यातल्या माणसाला कोर्सपर्यंत, म्हणजे गोल्फच्या मैदानापर्यंत, दहा-पंधरा किलोमीटर जायचं असतं, त्यानं पेट्रोलची तक्रार करूच नये. आम्हाला येरवड्याचा अठरा होलचा कोर्स गाठायचा म्हणजे जायला अडीचशे किलोमीटर आणि यायला अडीचशे. पेट्रोलपायी कुणाचा खेळ सुटायचाच असता तर आधी आमचा सुटला असता. आमच्या चौघांतल्या एकाचा सुटला, आणि तो गावभर पेट्रोलचं कारण सांगत फिरतोय. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, यानंच टाकलाय की काय.

आधी आकडे घ्या. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. गाडी हायवेला पंधराचा ॲव्हरेज देते असं धरा, म्हणजे तेहतीस-चौतीस लिटर झाले. २०२० च्या सुरुवातीला लिटर ८० च्या आसपास होता, तेव्हा फेरी पावणेतीन हजारात व्हायची. एप्रिल २०२२ मध्ये लिटर १२० च्या घरात गेला तेव्हा तीच फेरी चार हजारांची झाली. फरक तेराशेच्या आसपास, आणि गाडीत चौघं. माणशी सव्वातीनशे. चांगला चेंडू तीन-चारशेला पडतो. म्हणजे पेट्रोल अगदी शिखरावर असताना सुद्धा माणशी फरक एका चेंडूचा होता. आमच्या वकिलानं एका सकाळी तीन चेंडू पाण्यात घातलेले मी स्वतः बघितलेत. तेव्हा महागाईचा म सुद्धा निघाला नव्हता त्याच्या तोंडून.

हा वकील म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. बाकी दोघं म्हणजे एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि एक बियाणांचे व्यापारी. व्यापारी आमच्यात सगळ्यात मोठे, त्यांना आम्ही काका म्हणतो. पद्धत अशी होती की गाडी फिरती ठेवायची. ज्याची गाडी त्याचं पेट्रोल, त्याचा टोल. पुढच्या खेपेला दुसऱ्याची. कागदावर एकदम न्यायाची पद्धत. फक्त वकिलाची पाळी आली की त्याची गाडी सर्व्हिसिंगला गेलेली असायची, नाहीतर मुलगा घेऊन गेलेला असायचा. 'पुढच्या टायमाला माझी' हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलंय की कोर्टात तारीख मागताना पण इतकं म्हणत नसेल.

भाव कमी होते तोवर कुणी काढलं नाही. काढायला लाजही वाटते, एवढ्या वर्षांचा दोस्ताना. पण मार्च २०२२ आठवतोय का बघा. नोव्हेंबरपासून साडेचार महिने पेट्रोल एका पैशानं हललं नव्हतं. पाच राज्यांच्या निवडणुका उरकल्या, तिकडं युक्रेनच्या लढाईनं कच्चं तेल भडकलेलंच होतं, आणि २२ मार्चपासून जवळजवळ रोज, बहुतेकदा ८० पैशांनी, वाढायला लागलं. ६ एप्रिलपर्यंत सोळा दिवसांत दहा रुपये. त्या पंधरवड्यातल्या एका रविवारी आम्ही पुण्याहून परत येत होतो. पाळी वकिलाची होती, गाडी अर्थात माझी होती.

भिगवणला मासे खायला थांबलो. उजनीच्या पाण्यातली चिलापी, तव्यावर लाल मसाल्यात, वर कच्चा कांदा आणि लिंबू. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको. जेवण झाल्यावर वकिलानं नेहमीसारखं वेटरच्या हातातलं बिल हवेतच पकडलं. 'कुणी पाकिटाला हात लावायचा नाही,' वगैरे. हे तो दर वेळी करतो आणि मोठ्यानं करतो, शेजारच्या टेबलाला कळलं पाहिजे. डॉक्टर मोबाइलवर स्कोअर मांडत बसले होते. मी म्हटलं, 'वकीलसाहेब, मासे राहू द्या, ते आपण चौघांत वाटू. आजपासून पेट्रोलही चौघांत वाटूया, म्हणजे कुणाची गाडी हा प्रश्नच नको.'

यात वाईट काय होतं सांगा. तर तो हात पुसत म्हणतो, 'काय बे, टॉवेल विकून विकून आता मित्रांना पण डझनावर मोजायला लागला का?'

मी म्हटलं, 'मोजत नाही बे, मागतोय.'

काका हसले. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी वर सुद्धा बघितलं नाही, पण त्यांनाही हेच म्हणायचं होतं. ते मला नंतर स्वतः म्हणाले. वकिलाचं म्हणणं असं की इतकी वर्षं मासे तो खिलवतोय, त्यात पेट्रोल वसूल झालं. अहो, चौघांची चिलापी, भाकरी आणि सोलकढी मिळून बिल होतं किती, आणि फेरीचं पेट्रोल होतं किती! शिवाय मासे तो स्वतः पण खातो. पेट्रोल मी पितो का? टेंभुर्णीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मोहोळला काकांनी पाऊसपाण्याचा विषय काढला.

त्यानंतर वकील आला नाही. 'पेट्रोल बघता का कुठं गेलंय, पुण्याला जाऊन दांडू मारायचे दिवस गेले,' असं क्लबात, लग्नात, जिथं माणूस भेटेल तिथं. त्याच वर्षी दिवाळीत त्यानं नवी गाडी घेतली. छोटी नाही, चढायला पायरी लागते असली. त्या गाडीनं महाबळेश्वर झालं, गोवा झालं. येरवडा तेवढं महाग पडतं! खरी गोष्ट अशी आहे की भिगवणच्या आधीच्या हिवाळ्यात डॉक्टर त्याला सलग हरवत होते, आणि पैज लावायची सवय वकिलाचीच. यावर जास्त लिहीत नाही, तो हे वाचणार आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. इंधनाचा परिणाम होतच नाही असं नाही, पण तो आपल्या गाडीच्या टाकीतून होत नाही. माझं स्वतःचं खेळणं २०२१-२२ मध्ये खरंच कमी झालं होतं. कारण काय? डिझेल शंभरीकडं गेल्यावर न्हावा शेवा बंदरापर्यंतचं ट्रकभाडं वाढलं आणि त्याच काळात सुताचे भाव भडकले. जुन्या भावात घेतलेल्या ऑर्डरी नव्या भावाच्या सुतात विणायच्या म्हणजे टॉवेलच्या प्रत्येक गाठीमागं तोटा. मग शनिवारी माणूस कारखान्यात बसणार का पुण्याला जाणार? हे पेट्रोलपंपावर दिसत नाही. धंदेवाला माणूस गोल्फ सोडतो तो चार हजारांसाठी नाही, डोकं ठिकाणावर नसतं म्हणून सोडतो. नोकरदाराचं वेगळं, त्याला शनिवार मिळाला की तो जातो.

दुसरं, महिने बघा. एप्रिल-मेमध्ये ऊन, जून ते सप्टेंबर चिखल, खरा खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चअखेर भाव वाढले आणि एप्रिलात कोर्सवर गर्दी कमी दिसली की लगेच पेट्रोलवर खापर. गर्दी दर एप्रिलात कमीच असते.

जे बदललं ते असं. पूर्वी आम्ही रात्री दोनला निघून सकाळच्या टी-ऑफला, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेला, पोचायचो आणि दुपारी परत फिरायचो. आता शुक्रवारी संध्याकाळी जातो, शनिवारी अठरा, रविवारी अठरा, मग परत. फेऱ्या कमी, होल तेवढेच. तर तुम्ही 'किती वेळा जातात' असं मोजलं तर कमी भरेल, 'किती खेळतात' असं मोजलं तर नाही. मधल्या दिवसांत सराव कारखान्यामागं. सेकंडमध्ये (खराब माल म्हणून) निघालेलं टॉवेलचं कापड चौपदरी करून लोखंडी पाइपाला टांगलंय, त्यात चेंडू मारायचे. चेंडू कापडात धप्पकन बसतो आणि जागीच खाली पडतो, आवाजावरून कळतं फटका बरोबर लागला का. सायझिंगचा (सुताला खळ लावायच्या खात्यातला) एक म्हातारा कामगार रोज बघतो आणि एक दिवस म्हणाला, 'मालक, एवढ्या जोरात मारताय आन् जातंय तर कुठंच नाही.'

रेल्वेचंही बघा. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते, नऊच्या सुमारास पुणे. हिवाळ्यात साडेदहाचा टी-ऑफ मिळाला तर साडेतीनपर्यंत सगळं आटोपतं आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तीच गाडी परतीला पुण्यात मिळते. अडचण गोल्फच्या काठ्यांच्या बॅगची. वरच्या रॅकवर आडवी टाकली की खालचा प्रवासी सगळा वेळ छताकडं बघत बसतो. डॉक्टरांनी बॅग मुलीकडं कल्याणीनगरला ठेवलीय, ते हात हलवत जातात. आम्हाला स्टेशनवर बघून वकिलानं उठवलं की 'पेट्रोल परवडेना म्हणून शेठ रेल्वेनं जातात.' अरे, त्या चेअर कारच्या दोन्हीकडच्या तिकिटात गाडीतला तुझा वाटा निघून वर उरलं असतं! आम्ही जातो ते येताना झोपायला मिळतं म्हणून. साडेचार तास चालून, पाच तास गाडी चालवायची म्हणजे पन्नाशीनंतर गंमत नाही.

गाडीनंच जायचं असेल तर पेट्रोलपेक्षा टोलाकडं लक्ष द्या. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे चार नाके, जाऊन-येऊन आठ. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास आला, सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडायचा. म्हणजे एका नाक्याला पंधरा रुपये, पूर्ण फेरीला १२०. पेट्रोलवाढीतला बराचसा भाग तिथं निघून येतो. कर्नाटकातलं पेट्रोल स्वस्त म्हणून तिकडं भरा असंही कुणीतरी सांगेल. विजापूरला जाणारा सोलापूरकर भरतोच, पण पुणे उलट्या दिशेला आहे. गोल्फसाठी आधी भीमा ओलांडून यायचं का?

कोर्सवाल्यांचा खर्च इंधनानं वाढतो हे खरं. गवत कापायची यंत्रं डिझेल-पेट्रोलवर चालतात, खत महागतं. पण फी वाढली तरी एकदाच वाढते. पेट्रोलचा भाव २०१७ पासून रोज सकाळी सहाला बदलू शकतो, म्हणून त्याच्या नावानं रोज रडता येतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे सगळं मी चाळिशी-पन्नाशीच्या, गाडी-बंगला असलेल्या माणसाच्या हिशोबानं लिहिलंय. नुकता शिकायला लागलेला पोरगा, बापाच्या पैशावर किंवा पहिल्या पगारावर एकटाच गाडी काढून जाणारा, त्याला चार हजार म्हणजे चार हजारच, आणि वरून पाहुण्याची ग्रीन फी (कोर्सवर खेळायची फी), बॅग उचलणाऱ्या कॅडीचे पैसे. असा पोरगा भाव वाढले की खरंच थांबतो. तुम्ही तसे असाल तर माझं पहिलं वाक्य विसरा आणि गाडीत तीन माणसं शोधा. ओळखीचा मेंबर असल्याशिवाय आणि फोन करून वेळ घेतल्याशिवाय निघू नका, अडीचशे किलोमीटर जाऊन गेटवरून परत फिरणारे मी बघितलेत.

आणि माणसं शोधताना एक करा. टाकी निघतानाच फुल करा, पंपावर उभं असतानाच प्रत्येकानं आपला वाटा मोबाइलवरून टाकायचा. वाटेतलं खाणं वेगळं, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. कुणी म्हणालं 'मी मासे देतो', तर म्हणावं दे, पण आधी पेट्रोलचे टाक. आमच्या वकिलाला हे मान्य नाही. तो म्हणतो मित्रांत असा हिशोब लेखी कुठं ठरला होता, कागद दाखव. कागद नाही माझ्याकडं. डॉक्टर आणि काका साक्षीला आहेत, आणि काका कुणाच्याही बाजूनं बोलतील एवढं त्यालाही माहीत आहे.