रस्सा गाळला तर गोष्टच गेली

मागच्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं: जुन्या इंग्रजी-बंगाली रहस्यकथा मुलांसाठी नव्याने सांगितल्या जातात, त्याबद्दल तुमच्या मनात काय आहे? पत्रं बरीच आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी कोल्हापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी ग्रंथालय सांभाळत. आता दर रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी दहा-बारा मुलं जमतात आणि आम्ही मोठ्याने वाचतो.

माझा मुलगा सहावीत आहे. त्याने शेरलॉक होम्सच्या गोष्टींचं साठ पानी, चित्रांचं पुस्तक आणलं आणि एका संध्याकाळीच संपवलं. त्याचे आजोबा म्हणतात, असली पातळ पुस्तकं म्हणजे फसवणूक, थोडं थांबून मूळच वाचावं. काय करू? — एक आई, राजारामपुरी

वाचू द्या. थांबायला लावू नका, कारण बाराव्या वर्षीची भूक पंधराव्या वर्षी तशीच राहील याची खात्री नाही. आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की त्यांच्या काळजीत तथ्य आहे. फक्त दोष पुस्तक पातळ असण्यात नाही.

फार वर्षांपूर्वी मी शाळेसाठी असाच एक संच घेतला होता. त्यातली ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही गोष्ट सातवीच्या वर्गात वाचून दाखवली. शर्यतीचा नावाजलेला घोडा रात्रीतून नाहीसा होतो, त्याला तयार करणारा माणूस माळावर मेलेला सापडतो, आणि शेवटी होम्स सगळं उलगडतो. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. ‘बाई, पण ह्याला हे कळलं कसं?’ मी पानं मागे उलटली. उत्तर पुस्तकात नव्हतंच. त्या तासाला मी त्याला काही सांगू शकले नाही, आणि ते मला फार लागलं.

घरी येऊन मूळ गोष्ट काढली. 1892च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात ती आली होती. तबेल्यात रात्री पहाऱ्यावर असलेल्या पोराला जेवणातून अफूची पूड देतात, म्हणून तो गाढ झोपतो. जेवण काय होतं? मसालेदार मटण. होम्सचा लेखक कॉनन डॉयल, त्याने ‘करी’ हाच शब्द वापरला आहे. होम्स म्हणतो की अफूच्या पुडीला चव असते, साध्या जेवणात ती खाणाऱ्याला कळली असती, मसाल्यात लपली. आता संशय कुणावर, तर त्या संध्याकाळी तबेल्याभोवती घुटमळणाऱ्या एका परक्या माणसावर. पण त्या रात्री घरात मटणच शिजावं हे परका माणूस कसं ठरवणार? जेवणाचा बेत ज्याच्या हातात, त्याच्याकडे बघायला हवं. आमच्या छापील पुस्तकात मटणाचं नावच नव्हतं. ‘त्याच्या जेवणात गुंगीचं औषध मिसळलं होतं’ एवढंच एक वाक्य. तबेल्यात कुत्रा असूनही तो रात्री भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा, हा दुसरा धागा. तोही गाळलेला.

हीच गोष्ट आता रविवारच्या मुलांना मी रश्श्यासकट सांगते. कोल्हापूरच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. एकजण लगेच म्हणाला, ‘बाई, तांबड्यात काय बी घाला, कळायचं न्हाई. पांढऱ्यात घातलं असतं तर पहिल्या घोटालाच कळलं असतं.’ लंडनच्या मासिकातला शंभराहून जास्त वर्षं जुना धागा त्याने घरच्या दोन वाट्यांवर तपासून पाहिला. (पांढऱ्या रश्श्यात घालतात ती खसखस अफूच्याच झाडाची, हे त्याच दिवशी मुलांना सांगितलं. खसखशीने गुंगी येत नाही हेही लगेच सांगितलं, नाहीतर आया माझ्या दारात आल्या असत्या.)

तेव्हा पुस्तक घेताना एवढं करा. शेवटची तीन-चार पानं आधी तुम्ही वाचा. उलगडा करताना हेर ज्या ज्या गोष्टी मोजून दाखवतो, त्या मागच्या पानांत सापडतात का बघा. सापडल्या तर पुस्तक साठ पानी असो की चाळीस पानी, खुशाल घ्या. सापडल्या नाहीत तर ते परत ठेवा, चित्रं कितीही देखणी असली तरी. भाषा सोपी करावी, बग्ग्या आणि गिनी नाण्यांची वर्णनं कमी करावीत, तीन पात्रांचं एक करावं, मला काहीच अडचण नाही. पण आपल्यालाही ओळखता आलं असतं, ही चुटपुट मुलाला लागली पाहिजे. ती लावणारी सामग्री गाळायचा हक्क कुणालाच नाही.

आताच्या काळात गोष्ट आणली तर मोबाईल आणि सीसीटीव्हीमुळे पाच मिनिटांत चोर सापडेल. मग रहस्य उरणार कसं? — इयत्ता आठवी, कळंबा

तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण आमच्या रविवारी यावर दोन आठवडे भांडण चाललं होतं.

आधी एक उदाहरण देते. 1890च्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीत होम्सचा मित्र वॉटसन त्याच्या हातात एक खिशातलं घड्याळ देतो. किल्ली द्यायच्या भोकाभोवती ओरखडे दिसतात, म्हणजे किल्ली देणाऱ्याचा हात रात्री थरथरत असे, म्हणजे तो दारू पिणारा. बीबीसीने 2010मध्ये होम्सला आजच्या लंडनमध्ये आणलं, तेव्हा घड्याळाच्या जागी मोबाईल आला आणि ओरखडे आले चार्जर लावायच्या भोकाभोवती. वस्तू नवी, विचार तोच. म्हणजे मोबाईलने रहस्य मारलं नाही, उलट मोबाईललाच साक्षीदार केलं. (ती मालिका मोठ्यांसाठी आहे, दहावीनंतर बघ.)

आता आमचं भांडण सांगते. मुलांनी ‘सिल्व्हर ब्लेझ’ कोल्हापूरला आणायची ठरवली. घोड्याचा झाला शर्यतीचा बैल. सर्वोच्च न्यायालयाने 2021च्या डिसेंबरात परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि मुलांना बैलांची नावं क्रिकेटपटूंसारखी पाठ आहेत. गाव पन्हाळ्याच्या वाटेवरचं, नाव मुलांनीच घडवलेलं. गोठ्यात कॅमेरा, आणि गोठ्यात कुणी शिरलं की मालकाच्या मोबाईलवर सूचना वाजते. मग बैल गेला कसा?

पहिली सूचना आली, ‘लाईट गेली.’ मी ती घेतली नाही. आपल्याकडे लाईट जाते हे खरं, पण ती आपोआप गेली तर चोराने काही केलंच नाही. वाचकाने शोधायचं तरी काय? दुसरी सूचना, कॅमेऱ्यावर पोतं टाकलं. पण पोतं टाकणारा हात दिसणारच. तिसऱ्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘मोबाईल वाजलाच नाही, असं करूया.’ कॅमेरा चालू, लाईट चालू, आणि सूचना आली नाही. म्हणजे ती कुणीतरी आधी बंद करून ठेवली. म्हणजे पासवर्ड माहीत असलेला माणूस. म्हणजे घरातला. न भुंकलेला कुत्राच होता तो! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कुत्राही ठेवला आम्ही. मुलांचा हट्ट होता, आणि मलाही तो हवाच होता.

मी आजोबा आहे. नव्या पुस्तकांत अफू, खून, व्यसन सगळं पुसून टाकतात. हे योग्य का? आणि जुन्या गोष्टींतल्या चुका, वाईट कल्पना यांचं काय करावं? — एक वाचक, शाहूपुरी

मी एकच पाहते: धागा त्यावर टांगलेला आहे का? होम्स कोकेन टोचून घेतो हे ‘द साइन ऑफ फोर’च्या पहिल्याच पानावर आहे. त्यावर गुन्ह्याचा उलगडा अवलंबून नाही. दहा वर्षांच्या मुलासाठी ते गाळलं तर मी तक्रार करणार नाही. पण घोड्याच्या गोष्टीतली अफू गाळता येत नाही. आणि खून काढून त्या जागी ‘अपघात’ घातला, तर हेराला काम उरत नाही.

चुकांबद्दल सांगते. ज्यांनी ‘द स्पेकल्ड बँड’ वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. 1892च्या या गोष्टीत हिंदुस्थानातला एक भयंकर साप आहे. त्याला दूध पाजून आणि शिट्टी वाजवून शिकवलेलं असतं, आणि तो दोरावरून वरखाली करतो. आमच्याकडे येणारी एक मुलगी मूळची बत्तीस शिराळ्याची, म्हणजे नागपंचमीच्याच गावची. ती तिथल्या तिथे म्हणाली, ‘साप दूध पीत नाही, बाई. आणि शिट्टी वाजवली म्हणून परत येत नाही.’ तिचं अगदी खरं आहे. डॉयलने वर्णन केलेल्या जातीचा साप हिंदुस्थानात नाहीच. मग नव्याने सांगताना हे दुरुस्त करायचं का? माझं मत, नाही. दुधाची बशी आणि शिट्टी हेच तर त्या गोष्टीचे धागे. ते जसेच्या तसे सांगावेत आणि गोष्ट संपल्यावर मुलांनाच विचारावं, लेखकाचं कुठे चुकलं? त्या दिवशी आमची चर्चा गोष्टीपेक्षा लांबली.

माणसांचा अपमान ही मात्र वेगळी बाब आहे. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये अंदमानचा आदिवासी ज्या तऱ्हेने रंगवला आहे, ते वाचताना मला आजही त्रास होतो. बारा वर्षांखालच्या मुलांना मी ते देत नाही. मोठ्यांना देते, आणि त्यांच्याशी त्यावर बोलते.

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात मुलांनी लिहिलेली रूपांतरं छापायची आहेत. कोणत्या गोष्टी चालतील? — एक शिक्षक, गडहिंग्लज

आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. कॉनन डॉयल 1930मध्ये गेले, त्यामुळे होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा मोकळ्या आहेत. एडगर ॲलन पो यांची 1841ची पहिली हेरकथा आणि फादर ब्राऊन या पाद्री हेराच्या गोष्टीही मोकळ्या. अगाथा ख्रिस्ती 1976मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्यासाठी 2036 संपेपर्यंत थांबा. ब्योमकेश बक्षी या बंगाली हेराचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय 1970मध्ये गेले, तिथे 2030 संपायला हवं. (ते बरीच वर्षं पुण्यात राहिले, हे मुलांना जरूर सांगा.) सत्यजित राय यांच्या फेलूदा या हेराला अजून बराच अवकाश आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मूळ गोष्ट मोकळी असली तरी तिच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क असू शकतो. मुलांनी गोष्ट ऐकावी, पुस्तक मिटावं आणि आपल्या शब्दांत लिहावी.

होम्सच्या गोष्टींत त्याला मदत करणारी मुलं आहेत, पण सगळे मुलगेच. मला मुलगी हेर करायची आहे. चालेल का? — इयत्ता सातवी, मंगळवार पेठ

चालेल काय, कर! 1887च्या पहिल्याच कादंबरीत होम्सकडे रस्त्यावरच्या पोरांची टोळी आहे. पुढच्या कादंबरीत तो त्यांना दिवसाला एक शिलिंग देतो. खरंच, त्यात मुलगी नाही. ही उणीव नव्या लेखिकांना खुपली. नॅन्सी स्प्रिंगर यांनी 2006मध्ये होम्सला एनोला नावाची धाकटी बहीण दिली. रॉबिन स्टीव्हन्स यांच्या 2014च्या पुस्तकात इंग्लंडच्या शाळेतल्या दोन मुली छडा लावतात आणि गोष्ट सांगते ती हाँगकाँगहून आलेली मुलगी.

पण तुला नवी मुलगी घडवायचीही गरज नाही, एक आधीपासून तिथे आहे. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये मटणाचं ताट तबेल्याकडे नेते ती घरकाम करणारी मुलगी, एडिथ. अंधार गुडुप्प, वाट मोकळ्या माळावरून जाणारी, एका हातात कंदील. तबेला तीस यार्डांवर आला आणि तो परका माणूस पुढ्यात उभा राहिला. ती घाबरून पळत गेली आणि तिने ताट खिडकीतून आत दिलं. होम्स तिथे येतो तो काही दिवसांनी. स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी कोण आलं, मटण करायला कुणी सांगितलं, ताट कुणी वाढलं, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालेलं असणार. मूळ गोष्ट तिला फारसं बोलूच देत नाही.

तिच्या तोंडून लिही. पहिलं वाक्य चुलीपाशीच सुरू होऊ दे. आणि लिहायला बसण्याआधी एक ठरवून टाक: निघताना ताट झाकलेलं होतं की उघडं, आणि झाकलं असेल तर कुणी.