मोटरवाल्याचं मीटर आणि दोन एकर वावर

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलीची नीट दोनदा झाली, दुसऱ्या वेळी ४१२ गुण. तिसऱ्यांदा बसायला ती नाही म्हणते. तिला बीएस्सी करून कार्बनच्या नॅनोपदार्थांवर (म्हणजे अतिसूक्ष्म रचनेच्या पदार्थांवर) संशोधन करायचंय, तेही इलेक्ट्रॉनिक्ससाठी. वडिलांची विनंती: 'तिला समजेल असं काही लिहा.'

भाऊ, मार्कांचं नंतर बघू. 'नागपूरच्या क्लाससाठी दोन एकर वावर गहाण टाकलं, हे मी तिला रोज सांगतो,' असं तुम्ही लिहिलंय. रोज? बोंडअळी आली तर कपाशीला रोज कर्जाचा आकडा ऐकवता काय? कर्ज तुम्ही काढलं, तिनं मागितलं नव्हतं.

दुसरी तुमची तक्रार, की ती मोटर वाइंडिंगवाल्याकडून मल्टिमीटर आणून कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघांचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजत बसते. एवढा मजकूर मी तीनदा वाचला. रेघ लांबवली की आकडा चढतो, जाड केली की उतरतो, हे तिनं तारखेसकट वहीत मांडलंय म्हणता. अहो, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. त्यातला एकच थर, ग्राफीन, गाइम आणि नोव्होसेलोव यांनी २००४ साली मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीनं सोलून वेगळा केला. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. तुम्ही त्याला टाइमपास म्हणता!

'इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे इंजिनिअरिंगच, बीएस्सीवाले शेवटी मास्तर होतात', हे मात्र डोक्यातून काढा. (मास्तरकी मीही केली, वाईट नसते.) या क्षेत्रातलं घोडं अडलंय ते पदार्थापाशी. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, बनवल्या की साधारण तिनातली एक धातूसारखी निघते, तिच्यातला प्रवाह बंदच होत नाही. चिपला लागतात त्या उरलेल्या, अर्धवाहक, म्हणजे ज्यांतला प्रवाह चालू-बंद करता येतो अशा. त्या निवडून वेगळ्या काढणं हे रसायनशास्त्राचं काम. ग्राफीनला तर बँडगॅपच नाही, म्हणजे प्रवाह थांबवायला लागणारी ऊर्जेची फटच नाही, त्यामुळे त्याचा स्विच धड बंद होत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत नॅनोट्यूबचे १४ हजारांवर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले बारीक स्विच, जोडून चालता प्रोसेसर केला. तुमच्या मोबाईलच्या सिलिकॉन चिपमध्ये ते अब्जांनी असतात. फिजिक्स-केमिस्ट्री पक्की असलेल्यांना इथं काम भरपूर आहे. यवतमाळला किंवा अमरावतीला, जिथं प्रॅक्टिकल खरोखर होतात, तिथली बीएस्सी चालेल.

वाट ठरलेली: बीएस्सी, जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा), एमएस्सी, नेट किंवा गेट (पीएचडीआधीच्या परीक्षा), पीएचडी. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा अजून देता येते का तेही बघून घ्या.

पैशाचं स्पष्ट सांगतो. जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार रुपये, पण त्याआधी पाच वर्षं शिक्षणाची, आणि पीएचडी होईस्तोवर ती अठ्ठावीस-तिशीला येईल. पक्की नोकरी त्याही पुढे. तेव्हा वावर सोडवायचा हिशेब तिला धरून मांडू नका. डॉक्टर झाली असती तरी लगेच सुटलं नसतं.

मीटर परत करायला लावलं असेल तर बाजारातून साधं एक आणून द्या, आणि एचबीऐवजी ६बी पेन्सिल. तीत माती कमी, ग्रॅफाइट जास्त. आकडे किती खाली येतात ते तिनंच मला लिहावं. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या.