धावपटू असताना वकिलीचं शिक्षण जमतं का?

तुम्ही विचारलंय: साताऱ्यात बारावीला आहे, ८०० मीटर धावतो, पुढे वकील व्हायचंय, पण घरचे म्हणतात आता मैदान बंद कर. माझं ऐकाल तर बंद करू नका. मी धावपटू म्हणून स्पर्धा खेळत खेळतच लॉ पूर्ण केलं आणि आज जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

मी माण तालुक्यातला. मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, तोच हा दुष्काळी भाग. वस्तीवरून शाळा लांब, उशीर झाला की पळत जायचं. पीटीच्या सरांनी ते पाहिलं आणि तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणीच उभं केलं. दहावीनंतर साताऱ्यात वसतिगृह, पहाटे शाहू स्टेडियम, मग कॉलेज.

वकिलीचं मनात आलं ते एका दाखल्यामुळे. राज्य स्पर्धेच्या निवडीत माझं नाव अडवलं, कारण बोनाफाईडवरची जन्मतारीख आणि जन्मदाखल्यावरची तारीख जुळत नव्हती. वडील हात जोडून टेबलाटेबलाशी फिरले. शेवटी दहिवडीच्या एका वकिलांनी कागद पुढे ओढले, दोन्ही तारखांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आणा." उताऱ्यात तारीख बरोबर होती, दाखला लिहिताना चूक झाली होती. ती स्पर्धा गेलीच. पण कुठला कागद मागायचा हे माहीत असलेला माणूस किती उपयोगी पडतो, ते तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं.

आता तुमचं. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा लॉ घ्या. साताऱ्यातच रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. पदवी करून तीन वर्षांचाही करता येतो, पण पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तुम्ही सलग एका कॉलेजचे खेळाडू राहता, दरवर्षी शिवाजी विद्यापीठाच्या निवडीत उतरता येतं. स्पर्धा आणि सेमिस्टर परीक्षा मात्र हमखास एकत्र अंगावर येतात. म्हणून जिमखान्याचं, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाचं, पत्र स्पर्धेला जाण्याआधीच द्या, हजेरी परत आल्यावर मागू नका.

एक गोष्ट घरच्यांसोबत बसून आत्ताच ठरवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीचा मोह चांगल्या धावपटूला होतोच. त्यात वाईट काही नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीचं कांस्यपदक आणल्यावर पोलीस खात्यातच गेले. पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन वकिली करायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. दोन्ही एकदम होणार नाही.

आणि बारावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत मुदतीत गेलाय का, हे उद्याच विचारा. प्रमाणपत्रांवरचं नाव आणि जन्मतारीखही एकदा दाखल्याशी ताडून बघा.