वाचकांचे प्रश्न : स्वप्न पडत असतानाच ते ओळखता येते का?

आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्न चालू असतानाच कळणे, याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम असे म्हणतात. या विषयावर वाचकांकडून जी पत्रे आली, त्यांतील नव्याने सराव सुरू करणाऱ्यांच्या शंका येथे घेतल्या आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : असे स्वप्न खरोखर पडते, की जागे झाल्यावर आपण तशी समजूत करून घेतो? याला काही शास्त्रीय पुरावा आहे का?

उत्तर : पुरावा आहे. ठसठशीत स्वप्ने प्रामुख्याने ज्या अवस्थेत पडतात, त्या आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या) झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल झालेले असतात, पण डोळे मात्र हलत असतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये नेमका याचाच उपयोग करून घेतला. अशी स्वप्ने वरचेवर पडणाऱ्या एका व्यक्तीला त्यांनी सांगून ठेवले होते, की स्वप्न ओळखू आले की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे हलवायचे. आणि यंत्रावर आरईएम झोपेची नोंद चालू असतानाच ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्या व्यक्तींना साध्या वजाबाक्या विचारल्या आणि काहींनी त्यांची बरोबर उत्तरे डोळ्यांच्या हालचालींनी दिली. हा अनुभव फार दुर्मीळही नाही. अनेक पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये झाले, त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडलेले असते. ठरवून ते पाडणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

प्रश्न : मला स्वप्नेच पडत नाहीत. तरीही हे शिकता येईल का? सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : स्वप्ने जवळजवळ प्रत्येकाला पडतात, तुमची ती विसरली जात असावीत. सजग स्वप्नाचा सगळा सराव मुळात स्मरणाचा सराव आहे. उठल्यावर स्वप्न आठवणे हा त्याचा एक भाग आणि झोपण्यापूर्वी केलेला निश्चय स्वप्नात आठवणे हा दुसरा. पहिला जमल्याशिवाय दुसऱ्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण सजग स्वप्न पडले आणि सकाळी त्याचा मागमूसही राहिला नाही, तर ते पडले हे तुम्हाला कळणार तरी कसे?

झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते आणि त्याच्या अखेरीस आरईएम झोप येते. पहिल्या आवर्तनात ती जेमतेम काही मिनिटांची असते, पण पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे उशिरा झोपून गजराने लवकर उठणारी व्यक्ती रात्रीतला स्वप्नांनी सर्वांत समृद्ध असा भागच गमावत असते. स्वप्ने पडत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी तंत्रांची चौकशी करण्याआधी आपण किती तास झोपतो याचा हिशेब करावा.

जाग आल्यावर डोळे उघडू नयेत, कूस बदलू नये आणि दिवसाची कामे मनात येऊ देऊ नयेत. मोबाइल हाती घेतला की स्वप्न गेलेच म्हणून समजावे. ज्या स्थितीत जाग आली त्याच स्थितीत पडून राहून शेवटचे दृश्य काय होते हे आठवावे आणि तेथून ‘त्याच्या आधी काय झाले?’ असे विचारत मागे मागे जावे. मग उशाशी ठेवलेल्या वहीत ते तुटक शब्दांत उतरवावे : ‘जिना. बूट ओले. कोणीतरी घाई करत आहे. शाळेतला मित्र, पण वय आजचे.’ सुबक वाक्ये रचत बसले तर पहिले वाक्य पूर्ण होईपर्यंत उरलेले स्वप्न विरून जाते. काहीच आठवले नाही, तर ‘उगाच हुरहुर वाटत होती’ एवढे लिहिले तरी चालेल, पण त्या दिवसाचे पान कोरे सोडू नये. दोनतीन आठवड्यांच्या नोंदी एका बैठकीत वाचल्या, की काही गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतात : जुने घर, चुकलेली गाडी, हयात नसलेली व्यक्ती, न चालणारा फोन. या तुमच्या स्वप्नखुणा होत. पुढच्या सरावाला हेच साहित्य लागते आणि ते दुसऱ्या कोणाकडून उसने मिळत नाही.

प्रश्न : दिवसातून अनेकदा हाताकडे पाहून ‘मी स्वप्नात आहे का?’ असे विचारण्याची सवय मी बरेच दिवस लावून घेतली आहे. स्वप्नात मात्र तो प्रश्न एकदाही पडला नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : बहुधा प्रश्न विचारला जातो, पण शंका घेतली जात नाही. ‘मी जागाच आहे’ हे उत्तर आधीच ठरवून हाताकडे पाहिले, तर तीच बेफिकिरी सवयीने स्वप्नातही उतरते. तेथेही तुम्ही हात पाहाल, त्याला सहा बोटे दिसतील आणि ‘ठीक आहे’ म्हणून पुढे चालू लागाल.

रिॲलिटी चेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पडताळणीचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील दोन मला अधिक भरवशाचे वाटतात. एक म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहणे. स्वप्नात नाक दाबलेले असले तरी श्वास चालूच राहतो, कारण खरे नाक मोकळे असते. दुसरा म्हणजे मजकूर दोनदा वाचणे. एखादी पाटी किंवा घड्याळातील आकडे वाचावेत, नजर हटवावी आणि पुन्हा वाचावे. स्वप्नात दुसऱ्या वाचनात अक्षरे पुष्कळदा बदललेली असतात. कोणतीही एक चाचणी कधीतरी फसू शकते, म्हणून दोन्ही कराव्यात.

या चाचण्या घड्याळ लावून करण्यापेक्षा काहीतरी विचित्र घडेल तेव्हा कराव्यात : वस्तू ठेवलेल्या जागी सापडली नाही, अनपेक्षित व्यक्ती भेटली, किंवा वहीतील एखादी स्वप्नखूण प्रत्यक्षात समोर आली. त्या वेळी क्षणभर थांबून ‘मी येथे कसा आलो? तासाभरापूर्वी कोठे होतो?’ हे खरोखर आठवून पाहावे. जागेपणी हा माग सहज लागतो. स्वप्नात तो बहुधा लागत नाही आणि तेथेच संशयाला वाव मिळतो. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑस्ट्रेलियातील संशोधक डेनहॉम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात केवळ अशी पडताळणी करणाऱ्यांना आठवड्याभरात विशेष लाभ झाला नाही. ती पुढे दिलेल्या पद्धतीच्या जोडीनेच करावी.

प्रश्न : माइल्ड नावाची पद्धत सर्वांत परिणामकारक असल्याचे वाचले. ती नेमकी कशी करायची? मध्यरात्री उठणे आवश्यकच आहे का?

उत्तर : माइल्ड (नेमॉनिक इंडक्शन ऑफ ल्युसिड ड्रीम्स), म्हणजे स्मरणाच्या साहाय्याने सजग स्वप्न पाडण्याची ही पद्धत लाबर्ज यांनी विकसित केली. भविष्यात करायची गोष्ट योग्य वेळी आठवण्याची जी क्षमता आपल्यापाशी असते, ती येथे कामाला लावली जाते. परतताना औषधाचे दुकान दिसले की औषध घ्यायचे, असे सकाळी ठरवले आणि संध्याकाळी दुकान दिसताच ते आठवले, तर तीच ही क्षमता. येथे दुकानाच्या जागी स्वप्नखूण असते.

झोप लागल्यापासून सुमारे पाच तासांनी गजर लावून उठावे. उठणे अगदीच अनिवार्य नाही, पण त्याने यशाची शक्यता वाढते, कारण पुढची झोप आरईएमने भरलेली असते. दिवा मंद ठेवावा, काही मिनिटे जागे राहून नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे आणि पुन्हा आडवे व्हावे. मग ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ हे वाक्य मनात म्हणावे आणि त्याच्या जोडीने तेच स्वप्न पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. समजा, त्यात तुम्ही परीक्षेला बसला होता आणि प्रश्नपत्रिका अनोळखी भाषेत होती. आता कल्पनेत त्या बाकावर बसा, प्रश्नपत्रिका हाती घ्या, अक्षरे डोळ्यांदेखत बदलताना पाहा आणि नेमक्या त्याच क्षणी ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ हे तुमच्या लक्षात येते असे पाहा. झोप लागेपर्यंत वाक्य आणि दृश्य आळीपाळीने चालू ठेवावे. वाक्याची नुसती पोपटपंची केल्यास काही साधत नाही. म्हणताना त्याचा अर्थ मनात असावा लागतो.

ॲस्पी यांच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात पडताळणी, पहाटेपूर्वी उठणे आणि माइल्ड या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के रात्री सजग स्वप्न पडले, आणि ज्यांना ही उजळणी संपल्यावर पाच मिनिटांच्या आत झोप लागली त्यांना अधिक यश मिळाले. सहा रात्रींतून एक, हे प्रमाण अनेकांना निराशाजनक वाटेल. मला ते नवशिक्यांसाठी उत्तम वाटते. झोप लवकर लागण्याचे महत्त्व यातून कळते, म्हणून जागे राहण्याचा काळ स्वतःच्या प्रकृतीनुसार ठरवावा. पुन्हा झोपायला ज्यांना तासभर लागतो, त्यांनी गजर न लावता नैसर्गिकरीत्या जाग येईल तेव्हाच हा सराव करावा. गजराचा प्रयोग आठवड्यातून एकदोन रात्रींपुरता, दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येणार असेल तेव्हाच करावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : दोनदा मला स्वप्न ओळखता आले, पण आनंदाच्या भरात लगेच जाग आली. स्वप्न टिकवायचे कसे?

उत्तर : सुरुवातीला सर्वांचे असेच होते. उडण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवावा. स्वप्न ओळखल्यावर प्रथम स्वप्नातील तळहात एकमेकांवर घासावेत, भिंतीचा किंवा जमिनीचा स्पर्श लक्ष देऊन अनुभवावा, आसपासच्या वस्तू एकेक करून पाहाव्यात, मात्र एकाच वस्तूवर नजर खिळवू नये. दृश्य विरू लागले तर जागच्या जागी गोल फिरावे. हात घासणे आणि गिरकी घेणे या दोन्ही उपायांनी स्वप्न लांबते, असे लाबर्ज यांच्या प्रयोगांत दिसले आहे. जाग आलीच, तर लगेच नाक दाबून पाहावे. पुष्कळदा ते उठणेही स्वप्नातलेच असते.

प्रश्न : यात काही धोका आहे का? झोपेतून उठताना शरीर हलेनासे होते, त्याची मला भीती वाटते.

उत्तर : त्या अवस्थेला निद्रा-पक्षाघात म्हणतात. आरईएम झोपेतील स्नायूंचा शिथिलपणा जाग आल्यावरही थोडा वेळ रेंगाळतो, इतकेच. खोलीत कोणीतरी असल्याचा किंवा छातीवर भार असल्याचा भास होऊ शकतो, पण श्वास चालू असतो आणि सहसा काही सेकंदांत किंवा मिनिटांत ते सरते. जागेपणातून थेट स्वप्नात शिरण्याची जी पद्धत सांगितली जाते, तिच्यात असा अनुभव येण्याची शक्यता अधिक असते. तुम्ही ती टाळावी.

खरी हानी बहुधा झोपमोडीने होते. निद्रानाश असलेल्यांनी गजराची पद्धत वापरू नये. ज्यांना भ्रम-भास होणारा मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होता, तसेच जागेपणीही सभोवतालचे जग खोटे वाटण्याचा त्रास ज्यांना होतो, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा सराव सुरूच करू नये. ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न दिवसभर विचारत राहणे त्यांच्यासाठी निरुपद्रवी नाही.

प्रश्न : गोळ्या किंवा डोळ्यांवर बांधायचे दिव्यांचे मुखवटे यांचा उपयोग होतो का?

उत्तर : गॅलँटामिन हे अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे औषध सजग स्वप्नांची शक्यता वाढवते, असे प्रयोगात आढळले आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे औषध आहे, त्याने मळमळ आणि निद्रानाश होऊ शकतो, आणि केवळ छंदापायी ते घेऊ नये. मुखवटा आरईएम झोपेच्या सुमारास दिवा लुकलुकवतो आणि तो प्रकाश स्वप्नात वीज चमकल्यासारखा किंवा गाडीच्या दिव्यासारखा उतरतो. तो संकेत आहे हे स्वप्नात आठवण्याचे काम मात्र मुखवटा करू शकत नाही, त्यामुळे वही आणि उजळणी यांचा सराव नसलेल्या व्यक्तीने तो विकत घेण्याची घाई करू नये.