कुतची फौज उपाशी का पडली, आणि 'बसऱ्याला गेलेले' पणजोबा यादीत का सापडत नाहीत?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. पहिला असा की मुंबईहून बसरा म्हणजे आगबोटीने आठवड्याची वाट, इकडे धान्य भरपूर, माणसं भरपूर. मग १९१६ साली इराकमधल्या कुत गावात तेरा हजारांच्या फौजेवर उपासमारीने शरण जायची वेळ का आली? चूक त्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची की लंडनची? दुसरा घरचा. पणजोबा 'बसऱ्याला गेले होते' असं सगळे सांगतात, पण मराठा पलटणींच्या यादीत नाव नाही. मग घरचे थापा मारत होते का?

बहुतेक नाही. पण त्याकडे शेवटी येतो.

मी इतिहासाचा माणूस नाही. मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होतो, म्हणजे जहाजातून उतरणारी गोणी न् गोणी मोजणारा. त्यामुळे या मोहिमेबद्दल वाचताना लोक सेनापती बघतात आणि मी धक्का बघतो. माझं उत्तर त्यामुळे एकांगी असेल, ते तसंच घ्या.

पहिल्या महायुद्धातली, तुर्कांच्या ताब्यातल्या इराकवरची ही ब्रिटिश मोहीम मुळात आपल्या भागातूनच निघाली. सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात तीन ब्रिगेड: पुणे, अहमदनगर आणि बेळगाव. ११७वी मराठा पलटण पुणे ब्रिगेडमध्ये, १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री नगरमध्ये, ११०वी बेळगावात. ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली, ६ नोव्हेंबरला समुद्रकाठच्या फाव या ठिकाणी उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आलं. काम एवढंच होतं की शेजारच्या इराणमधल्या अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिथवरची पाइपलाइन सांभाळायची. समुद्रापासून दोन पावलांवरचं काम. तिथेच थांबले असते तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

पण सोपे विजय मिळत गेले. डिसेंबरात कुर्ना, जून १९१५ मध्ये अमारा, जुलैत नासिरिया, सप्टेंबरअखेर कुत. मग बगदाद दिसायला लागलं. नकाशावर प्रत्येक वेळी टाचणी पुढे सरकत होती आणि पुरवठ्याची दोरी तेवढीच राहून ताणली जात होती.

आता बसऱ्याचं बघा. त्या वेळी तिथे मोठं जहाज लागेल असा धक्काच नव्हता. शत्-अल-अरब म्हणजे बसऱ्यावरून समुद्राला मिळणारी नदी, तिच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा, त्यामुळे मोठ्या जहाजांना भरतीची वाट बघावी लागे. आत आल्यावर जहाज नदीच्या मधोमध नांगर टाकून उभं राही आणि माल महैल्यांमध्ये उतरवत. महैला म्हणजे तिकडची शिडाची मोठी होडी. महैल्यातून काठावर, काठावर खजुरीच्या बागा, मध्ये खाड्या, पुराच्या दिवसांत सगळं पाण्याखाली. शेड नाही, रस्ता नाही, क्रेन नाही.

ज्यांनी गोदीत काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. जहाज भरताना जे आधी लागणार ते वर ठेवायचं असतं. घाईत भरलं की नेमकं तेच तळाशी जातं. आमच्याकडे एकदा एका जहाजावर यंत्राचे भाग आले आणि त्याचे नटबोल्ट पुढच्या जहाजावर. अकरा दिवस ते धूड शेडमध्ये पडून. आमच्या मालाला निदान छप्पर तरी होतं, बसऱ्यात गोण्या चिखलातच उतरत. १९१६ साली तर जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत नुसती उभी असायची. जगभर जहाजांची टंचाई, आणि इथे ती गोदाम म्हणून वापरात! १९१५च्या शेवटी रंगून बंदराचे जाणकार सर जॉर्ज ब्युकॅनन यांना तिकडे धाडलं, पण लष्कराने त्यांना सुरुवातीला धड अधिकारच दिले नाहीत. बंदर चालवायला बंदरवाला आणायचा आणि त्याला बंदर चालवू द्यायचं नाही, हा प्रकार मी आमच्याकडेही पाहिलाय.

हे झालं बसऱ्यापर्यंतचं. कुत तिथून नदीच्या वळणावळणांनी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे नाही, पक्की सडक नाही. जे जाणार ते तैग्रिस नदीतून. उन्हाळ्याअखेर पाणी इतकं उतरतं की कमी बुडणाऱ्या, चाकाच्या आगबोटीच चालतात, त्याही दोन्ही बाजूंना बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट तळाच्या होड्या, बांधून, अरुंद जागी समोरून येणारीला वाट देत देत. अशा बोटी इरावतीवरून, गंगेवरून, नाईलवरून ओढत आणायच्या प्रयत्नात काही वाटेत समुद्रातच बुडाल्या.

एक ढोबळ हिशेब मांडतो. आकडे माझे, अंदाजाचे. पंधरा हजार माणसं. माणशी आटा, डाळ, तूप, मीठ आणि वर जळण धरून दीड किलो, म्हणजे रोज साडेबावीस टन. जनावरं पाच हजार. दाणा आणि चारा मिळून प्रत्येकी आठ किलो, म्हणजे चाळीस टन. दारूगोळा, औषधं, तंबू अजून धरलेच नाहीत. आता एक बोट बार्जसह दीडशे टन नेते आणि जाऊन-येऊन, चढवून-उतरवून बारा दिवस घेते असं समजा. म्हणजे रोजचे साडेबारा टन. नुसतं जेवू घालायला पाच बोटी सतत फिरत्या हव्यात, एकही न बिघडता, गाळात न रुतता. जखमी परत आणायचे तर बोटी त्याच. नवी कुमक वर न्यायची तर तीही त्याच बोटींतून, आणि वर पोचलेला प्रत्येक शिपाई दुसऱ्या दिवसापासून जेवायला बसणार. थोडक्यात, पुढे किती फौज ठेवता येईल हे सेनापती ठरवत नव्हता, नदी ठरवत होती.

टाउनशेंड यांचे वरिष्ठ, मोहिमेचे सरसेनापती जनरल निक्सन यांनी १९१५ मध्ये बोटी मागितल्या, बसरा ते नासिरिया रेल्वेही मागितली. रेल्वेचा प्रस्ताव भारत सरकारने खर्चाकडे बोट दाखवून फेटाळला. बोटींची ऑर्डर निघाली, पण त्या बांधून यायला कितीतरी महिने लागणार होते. आणि तरी बगदादकडे कूच झालंच! माझा राग टाउनशेंडपेक्षा या निर्णयावर जास्त आहे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे सलमान पाकला लढाई झाली आणि साडेचार हजारांच्या वर माणसं जायबंदी किंवा ठार झाली. जखमींना नदीपर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्या, त्याच ज्यांतून पीठ वाहायचे. पुढे ती माणसं 'मेजिदिया' नावाच्या बोटीवर दाटीवाटीने घालून बसऱ्याला आणली. त्या बोटीची कड कशाने लडबडली होती याचं मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरांनी या मोहिमेची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे केलेलं वर्णन जेवणापूर्वी वाचू नका. खरं बोलल्याबद्दल त्यांना आधी वरिष्ठांनी दमच दिला होता. आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

टाउनशेंड मागे हटून कुतला आले आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. इथे मात्र त्यांची चूक आहे, आणि ती माझ्या धंद्यातली चूक आहे: साठा नीट मोजला नाही. सुरुवातीला त्यांनी कळवलं की अन्न थोडक्या आठवड्यांचं आहे. त्या भीतीने सुटकेसाठी आलेली फौज पुरती जमायच्या आतच, तुकड्या-तुकड्यांनी, जानेवारीच्या चिखलात तुर्की खंदकांवर चालून गेली. त्याच वेळी दहा हजारांहून जास्त माणसं बसऱ्यात बसून होती, कारण त्यांना वर न्यायला बोट नव्हती. मग जानेवारीअखेर टाउनशेंडनी कुतमधली घरं झडवली, धान्याचे साठे बाहेर काढले आणि कळवलं की अजून ८४ दिवस निघतील! हीच झडती डिसेंबरात घेतली असती तर? सुटकेच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा घायाळ झाली. कुतमध्ये अडकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

आत धान्य होतं ते मुख्यतः जव, आणि दळायचं कशावर? विमानातून जात्याच्या तळ्या टाकाव्या लागल्या. गोरे शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. आपल्या लोकांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या तरी एप्रिलपर्यंत बहुतेक जण बधले नाहीत. परिणाम विचित्र झाला: पांढऱ्या पिठावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी (ब जीवनसत्त्व कमी पडल्याचा रोग), जवाचं पीठ खाणाऱ्या आपल्या लोकांना त्यातून सूट, पण मांस-भाजी नसल्याने त्यांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडल्याचा रोग). एप्रिलमध्ये विमानांतून साताठ टन अन्न टाकलं, वेढ्यातल्या फौजेला हवाई मार्गाने अन्न पोचवायचा तो जगातला पहिला मोठा प्रयत्न. काही पोती नदीत पडली. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही बोट २७० टन माल घेऊन वेढा फोडायला निघाली आणि कुतच्या अलीकडे तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिलला, १४७ दिवसांनी, शरणागती. पुढची कैद वेढ्यापेक्षा वाईट होती. तो वेगळा विषय.

स्कर्व्हीवरून एक आडवाट घेतो, कारण मला ती फार आवडते. १९१६च्या उत्तरार्धात या मोहिमेत अकरा हजारांवर माणसं स्कर्व्हीने निकामी झाली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी यावर काम करत होत्या. कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही, पण तीच भिजवून मोड आणली तर टळते, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी वाळवलेली चिंच, आमचूर आणि आमचं कोकमसुद्धा तपासलं; गुण आहे पण बेताचाच, असं निघालं. आमच्या आईला मटकीच्या उसळीचं कौतुक सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती, पण असो.

१९१६ मध्ये मोहिमेची सूत्रं लंडनच्या युद्ध खात्याकडे गेली आणि ऑगस्टमध्ये जनरल मॉड सेनापती झाले. त्यांनी आधी चार महिने नुसती तयारी केली. बसऱ्याजवळच्या 'मागिल' या ठिकाणी जहाजं थेट लागतील असे धक्के, नदीवर बोटींचा ताफा, भारतातून रूळ आणून रेल्वे. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं.

आणि आता तुमचे पणजोबा. हे धक्के कोणी बांधले, रूळ कोणी टाकले, गोण्या कोणी उचलल्या? पानिपतचा विषय निघाला की आपण 'बुणग्यांनी घात केला' म्हणून मोकळे होतो. पण बुणगे, म्हणजे फौजेबरोबरची न लढणारी माणसं, नसतील तर फौज तिसऱ्या दिवशी बसते. भारतातून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पाच लाखांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी लढणारी नव्हती. खेचरं हाकणारे ड्राबी, पाणी देणारे भिस्ती, डोल्या उचलणारे कहार, स्वयंपाक करणारे लांगरी, धोबी, मोची, भंगी, बोटींवरचे सारंग आणि खलाशी, मजूर आणि हमालांच्या तुकड्या. माणसं कमी पडली तेव्हा तुरुंगांतून भरती केली. शिक्षेत सूट मिळेल या बोलीवर सोळा हजारांच्या आसपास कैदी तिकडे गेले. त्या काळी घरी परतलेला माणूस 'मी कैदी तुकडीत होतो' किंवा 'मी खेचरं हाकली' असं सांगत बसायचा नाही. 'बसऱ्याला होतो' एवढंच सांगायचा.

म्हणून पलटणींच्या यादीत नाव नाही याचा अर्थ ते गेले नाहीत असा होत नाही. बसऱ्याच्या स्मारकावरसुद्धा अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा घातला. मग मजुरांना कोण विचारतो? आपल्याकडे गावोगावच्या १९१४-१९च्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतकी माणसं गेली, इतकी मेली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडे बऱ्याच दिसतात. तुमच्या गावात चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत असेल, चुना मारून बुजलेली.

घरात मात्र एक गोष्ट शोधा. युद्धानंतर शिपायांना चांदीचं पदक मिळालं, तेच पदक मजूर तुकड्यांना ब्राँझचं दिलं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. जुन्या पेटीत, देवघराच्या खणात, आजीच्या बटव्यात बघा. पुष्कळ घरांत ते तांब्याचं नाणं समजून पडलेलं असतं. सापडलं तर चिंचेने घासू नका. भिंग घ्या आणि कड वाचा. नंबर, नाव आणि तुकडी तिथे इंग्रजी अक्षरांत उठवलेली असते. तुकडीचं नाव मिळालं की इथे खाली लिहा, पुढे कुठे शोधायचं ते सांगतो.