आप्पांचा सिनेमा आणि सोफ्यावरून उठून गेलेली नातवंडं

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. माझे सासरे, आप्पा, सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. वय पंचाहत्तर. सासूबाई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप, त्यामुळे एकटेच आलेत. मूळचे कऱ्हाडजवळच्या खेड्यातले, पोस्टातून निवृत्त झालेले. माझा मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची. आप्पांनी मोठ्या हौसेने दोघांना 'श्यामची आई' दाखवायला घेतला. थोड्याच वेळात धाकटी पाणी प्यायला म्हणून उठली ती परत आलीच नाही, आणि मोठा मांडीवरच्या उशीआड फोन धरून बसला. आप्पांनी टीव्ही बंद केला. 'राहू दे, तुमच्या कामाचं नाही ते,' एवढंच म्हणाले. तेव्हापासून संध्याकाळी जेवण झालं की ते खोलीत जाऊन बसतात. नवरा म्हणतो, लक्ष देऊ नकोस, येतील मार्गावर. मी मुलांना सक्तीने बसवू की आप्पांची समजूत काढू?

ताई, दोन्ही नको. सक्ती केलीत तर मुलं बसतील, पण मराठी सिनेमा म्हणजे शिक्षा, एवढंच त्यांच्या डोक्यात राहील. आणि समजूत काढायला गेलात तर आप्पा 'मला कुठं काय वाटलंय' म्हणून विषय मिटवतील. त्या पिढीचे पुरुष दुसरं काही म्हणत नाहीत.

माझ्या मते इथे सिनेमाची निवडच चुकली. आपले आजी-आजोबा नातवंडांसाठी सिनेमा निवडताना आपल्याला स्वतःला काय बघून मजा आली होती, याचा विचारच करत नाहीत. मुलांना काय लागू पडेल ते बघतात आणि काढा पाजावा तसा तो पाजतात. 'श्यामची आई' थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. आचार्य अत्र्यांनी तो १९५३ साली केला आणि राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. पण तो बघायला आलेल्या बहुतेकांना साने गुरुजींची गोष्ट आधीच माहीत होती. श्याम कोण, आई कशी, कोकणातल्या त्या घरावर काय वेळ येणार, हे सगळं घेऊनच लोक थिएटरात शिरत होते. तुमची मुलं काहीच न घेता सोफ्यावर बसली. शिवाय पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारते, ही गोष्ट आप्पांच्या लेखी मायेची आहे. तुमच्या मुलीला मात्र शाळेत शिकवलंय की घरात कोणी मारलं तर बाईंना सांगायचं. तिने तो प्रसंग पाहून काही विचारलं असतं तर उत्तर कोणी दिलं असतं? हा सिनेमा मुलांना दाखवायचा झाला तर आधी गोष्ट सांगून, आणि मध्ये थांबून बोलायची तयारी ठेवून दाखवायचा. नुसता लावून देण्याजोगा तो नाही.

आता उलट्या बाजूने सुरुवात करा. आप्पांना विचारा, 'घरी न सांगता कुठला सिनेमा बघायला गेला होतात?' प्रश्न असाच हवा. 'तुमचा आवडता सिनेमा कोणता' असं विचारलंत की माणूस सभ्य उत्तर देतो. पुन्हा 'श्यामची आई'च येईल.

आप्पांचं वय आणि गाव बघता उत्तरात बहुतेक तंबू येईल. जत्रेच्या दिवसांत गावाबाहेर टूरिंग टॉकीज यायची. कनात लावलेली, बसायला जमीन, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. दिवस मावळला की कर्ण्यावर गाण्यांच्या तबकड्या वाजायला लागायच्या आणि लोकांची पावलं भरभर पडायची. प्रोजेक्टर एकच असेल तर दर रिळाला थांबायचं, मध्येच फिल्म तुटली की शिट्ट्या. हे सगळं तुमच्या मुलाने कधी ऐकलेलं नाही, आणि खरं सांगू, यातलं कुठलंही तपशीलवार ऐकलं तर तो फोन खाली ठेवेल. कनातीखालून आत कसं शिरायचं, हा विषय तेरा वर्षांच्या कुठल्याही मुलाला, कुठल्याही देशात, रंजक वाटतो.

ही गोष्ट आधी, सिनेमा नंतर. तोही अख्खा नको. समजा आप्पांनी 'साधी माणसं'चं नाव घेतलं. भालजी पेंढारकरांचा १९६५ सालचा सिनेमा, आप्पा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असणार. त्यातलं 'ऐरणीच्या देवा' एवढं एकच गाणं लावा. पडद्यावर जयश्री गडकर आणि सूर्यकांत, लोहाराचं जोडपं. भाता चालतोय, ऐरणीवर घाव पडतोय. इथे सिनेमा थांबवा आणि आप्पांना विचारा की तुमच्या गावचा लोहार कुठे बसायचा, भाता कोण ओढायचं, विळ्याला पाणी कसं द्यायचे. लाल झालेलं लोखंड पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येतो, तो तुमच्या लेकीला आप्पा तोंडाने काढून दाखवतील, बघा. मग हेही सांगा की या सिनेमाला संगीत देणारे 'आनंदघन' म्हणजे खुद्द लता मंगेशकर. टोपणनावाने काम केलेलं; राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा बाईंना उठून पुढे यावं लागलं. मुलांना गुपितं आवडतात. पुढे हे जोडपं गाव सोडून शहरात जातं आणि तिथे त्याची फरपट होते. घर सोडून लांब आलेल्या कुटुंबात त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ निघेल, पण ते पहिल्याच दिवशी उकरायला नको.

एक तांत्रिक गोष्ट, कारण निम्मे जुने सिनेमे हिच्यामुळेच वाया जातात. त्या काळच्या बऱ्याच सिनेमांची चौकट चौकोनाकडे झुकणारी आहे. आजचा रुंद टीव्ही ती ताणून पडदाभर करतो आणि सगळी माणसं बुटकी, गालफुगी दिसायला लागतात. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार मूळ ठेवा, कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा पर्याय असतो, तो निवडा. जुन्या ध्वनिमुद्रणात पार्श्वसंगीत बोलणं गिळून टाकतं. आणि सिनेमा निर्मात्यांच्या किंवा हक्कधारकांच्या अधिकृत ठिकाणी मिळत असेल तर तिथूनच बघा. तिथली प्रत बरी असते आणि डोकी कापलेली नसतात.

तुमच्या मोठ्यासाठी मी सरळ 'अशी ही बनवाबनवी' सुचवेन. १९८८चा, सचिन पिळगावकरांचा. पुण्यात जागा मिळत नाही, घरमालकीण जोडप्यांशिवाय कोणाला खोली देत नाही, म्हणून चौघांतले दोघे बायका होतात. गंमत म्हणजे, या सिनेमाशी तुमच्या नवऱ्याच्याच आठवणी जास्त जोडलेल्या असतील. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य घरात कोणी म्हटलं की चाळिशी-पन्नाशीचा मराठी पुरुष आपोआप हसतो. मुलाला आधी तेवढंच पाहू द्या, बाबा का हसला ते तो विचारेल. काही विनोद आज खटकतील, पुरुषाने साडी नेसली यातच हशा काढलेला आहे. मुलाने तसं म्हटलं तर त्याला गप्प करू नका. त्याला वाटतं ते त्याने बोलावं, आप्पांनी ऐकावं. धाकटीला 'झपाटलेला'तला तात्या विंचू आवडेल, पण रामदास पाध्यांचं ते बाहुलं भलतंच जिवंत आहे. रात्री नको, रविवारी दुपारी.

आप्पांनी 'पिंजरा'चं नाव काढलं तर तो मुलं झोपल्यावर तुम्ही मोठ्यांनी बघा. तमाशाच्या फडामागे वाहवत गेलेल्या मास्तरांची ती शोकांतिका लहान मुलांपुढे लावण्यात अर्थ नाही. दादा कोंडक्यांबाबत 'सोंगाड्या'पर्यंत ठीक. पुढच्या सिनेमांत सासरे खो खो हसताहेत आणि सून छताकडे बघतेय, अशी वेळ येऊ शकते. राजा परांजप्यांचा 'ऊनपाऊस' उत्तम आहे, पण म्हाताऱ्या आई-वडिलांची मुलांमध्ये वाटणी होते ती गोष्ट, परदेशी लेकाकडे सहा महिने राहायला आलेल्या वडिलांसमोर आपणहून लावू नये.

एक उपयोगाचा सिनेमा राहिलाच. 'संत तुकाराम', १९३६, प्रभातचा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. नाव ऐकून मुलं पळतील. त्यांना तुकोबांचं सांगूच नका, आवलीचं सांगा. पोर आजारी पडलं म्हणून ही बाई वहाण हातात घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते. गौरीबाईंनी ती अशी उभी केली आहे की नव्वद वर्षं होत आली तरी ती शेजारच्या घरातली वाटते. तेवढा प्रसंग बघा. पुढचं बघायचं की नाही ते मुलं ठरवतील.

हे वाचणाऱ्या इतर काही घरांसाठी दोन शब्द. ज्यांच्याकडे सून किंवा जावई अमराठी आहे, त्यांनी जुळे सिनेमे शोधावेत. प्रभातचे 'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' हिंदीतही निघाले होते, 'दुनिया न माने', 'आदमी' आणि 'पडोसी' या नावांनी. 'पाठलाग'वरून पुढे 'मेरा साया' झाला. 'बनवाबनवी'चं मूळ तर हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये आहे. दोन्हीकडचे आजी-आजोबा आपापला सिनेमा बघून एकमेकांशी भांडू शकतात, आणि व्याह्यांमध्ये भांडायला यापेक्षा निरुपद्रवी विषय मिळणार नाही. ज्यांची आजी भारतातच आहे त्यांनी शनिवार सकाळ धरावी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे ६:३०. आजीची दिवेलागण आटोपलेली असते, मुलं अजून पायजम्यात असतात. फक्त व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे सिनेमा एकदम चालवायचा खटाटोप करू नका, आवाज एकमेकांत घुसतो आणि आजी वैतागते. दोन्ही घरांनी आधी आपापला बघावा, कॉलवर नुसत्या गप्पा माराव्यात.

आप्पा बोलायला लागले की फोनवर आवाज मुद्रित करा. व्हिडिओ नको, कॅमेरा दिसला की ती पिढी बुशशर्टाची बटणं लावते आणि भाषण सुरू करते. प्रश्न छोटे विचारा : बरोबर कोण होतं, पैसे कोणी दिले, मध्यंतरात काय खाल्लं, रात्री परत कसे आलात, घरी काय झालं. मुद्रण झालं की त्याच दिवशी फाईलला सिनेमाचं आणि गावाचं नाव द्या आणि घरच्यांना पाठवून ठेवा. 'रेकॉर्डिंग १७' नावाच्या फाईली कोणी पुन्हा ऐकत नाही.

आता जरा नाजूक. आप्पा संध्याकाळी खोलीत जाऊन बसतात त्याला मुलंच कारणीभूत आहेत, असं धरून चालू नका. सासूबाई नसताना ते पहिल्यांदाच आलेत. दूरदर्शनवर आठवड्याला एक मराठी सिनेमा लागायचा त्या काळात, शेजारपाजारचे येऊन बसलेले असताना, हा माणूस वर्षानुवर्षं बायकोच्या शेजारी बसून सिनेमे बघत आला असणार. नातवंडांना घेऊन टीव्हीसमोर बसणं हा त्यातलं थोडं तरी परत मिळवण्याचा प्रयत्न असू शकतो. तसं असेल तर मुलं पुन्हा सोफ्यावर येऊन बसली तरी सगळं मिटणार नाही. लग्नानंतर दोघांनी मिळून पाहिलेला पहिला सिनेमा कोणता, हे त्यांना कोणीतरी विचारायला हवं. कदाचित ते उत्तर देणार नाहीत. उठून जातील, नाहीतर 'जैत रे जैत'चं नाव घेऊन नदीपलीकडच्या कुठल्या थिएटरबद्दल तासभर बोलतील.

हे विचारायचं काम तुमचं नव्हे, तुमच्या नवऱ्याचं आहे. 'येतील मार्गावर' म्हणून बाजूला होणाऱ्याने एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही. या शनिवारी मुलांना पोहायला, वाढदिवसाला, जिथे कुठे न्यायचं असेल तिथे तुम्ही घेऊन जा आणि उशिरा या. जाताना चहाचं आधण ठेवा, भडंग डब्यात आहे ते सांगा, आणि रिमोट नवऱ्याच्या हातात द्या.